जुन्या संगणकांतील हीटसिंक आणि त्याचा शेतावरील उपयोग

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत संगणक खेडोपाडीं शिरला. दूध-संस्थेच्या संकलन-केंद्रावर, सोसायटीच्या कचेरींत, ग्रामपंचायतींत, शाळेंत, आणि शहरांत शिकावयास गेलेल्या मुलांच्या सामानाबरोबर घरोघरीं त्याची पेटी आली. आतां त्यांपैकीं पुष्कळ पेट्या अडगळींत पडून आहेत. त्यांत १४ ऑक्टोबर २०२५ पासून मायक्रोसॉफ्टनें 'विंडोज १०' या प्रणालीची सर्वसाधारण देखभाल थांबविली, आणि पुढील प्रणाली जुन्या यंत्रांवर बसत नसल्यामुळें चालू स्थितींतल्या पेट्याही निरुपयोगी ठरूं लागल्या. अशी पेटी शेवटीं भंगारवाल्याच्या तराजूंत जाते व तिच्या आंतील सर्व वस्तु धातूच्या भावानें मोजल्या जातात. त्यांपैकीं एक वस्तु मात्र अखंड काढून ठेवावी, असें आमचें मत आहे. प्रोसेसरच्या डोक्यावर बसविलेला, पातळ पातळ पातीं असलेला धातूचा ठोकळा ती ही वस्तु. तिला हीटसिंक म्हणतात. वितळविल्यास ती केवळ पाव ते अर्धा किलो अॅल्युमिनियम होय. अखंड राहिल्यास शेतावरील विजेच्या बारीकसारीक साधनांचें आयुष्य वाढविणारी ती एक उत्तम सोय आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. जो संगणक अद्याप चालतो तो फोडूं नये. लिनक्ससारखी विनामूल्य प्रणाली घालून तो शाळेंतल्या मुलांस अथवा हिशेबाच्या कामास वर्षानुवर्षें उपयोगी पडतो, आणि चालत्या यंत्राच्या किंमतीपुढें हीटसिंकाची किंमत कांहींच नाहीं. दुसरें, संस्थेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या मालकीची पेटी जडवस्तूंच्या नोंदवहींत चढलेली असते. तिचें रीतसर निर्लेखन झाल्याखेरीज तिला पेचकस लावूं नये. नाहीं तर चार पैशांच्या धातूपायीं लेखापरीक्षणांत उत्तर देण्याची पाळी येते.

हीटसिंकाचें काम काय, हें आपल्या लोकांस सांगण्यास फार प्रयास नकोत. चहा फार कढत असला म्हणजे आपण तो बशींत ओततों. गुऱ्हाळावर काहिलींतला पाक वाफ्यांत ओतून पसरतात. दोन्ही ठिकाणीं युक्ति एकच: उष्ण पदार्थाचा हवेला लागणारा पृष्ठभाग वाढविला कीं तो लवकर निवतो. परंतु प्रोसेसर हा पसरतां येत नाहीं. तो नखाएवढाच राहणार. म्हणून त्याला धातूचा ठोकळा चिकटवितात आणि त्या ठोकळ्याला पातीं काढतात. उष्णता धातूंतून पातींपर्यंत जाते व पातीं ती हवेला देतात. मोटारसायकलीच्या सिलिंडरवरील पाळ्या, ट्रॅक्टरचा रेडिएटर, हीं सारीं याच घराण्यांतलीं.

अगदीं प्रारंभीं ही गरजच नव्हती. १९८९ सालीं निघालेला इंटेलचा ४८६ हा प्रोसेसर बहुधा उघडाच चाले. १९९३ चा पहिला पेंटियम सुमारें १५ वॅट उष्णता टाकूं लागला आणि त्याबरोबर ठोकळा व पंखा आले. २००४ मधील पेंटियम ४ च्या कांहीं जातींची मजल तर ११५ वॅटपर्यंत गेली, आणि ही सारी उष्णता जेमतेम एक चौरस सेंटिमीटर सिलिकॉनमधून बाहेर पडे. हजार वॅटच्या इस्त्रीचा तळ सुमारें २०० चौरस सेंटिमीटर धरला तर दर चौरस सेंटिमीटरास ५ वॅट पडतात. या प्रोसेसरचें प्रमाण त्याच्या वीसपट होतें. एवढी उष्णता वाहून नेण्यासाठीं जो ठोकळा घडविला, तो आपल्या शेतावरच्या दहा वॅटच्या दिव्यास सहज पुरेल, हें उघड आहे. मात्र त्यास एक अट आहे, आणि बहुतेकांचा घोटाळा तेथेंच होतो.

ती अट म्हणजे चिकटून बसण्याची. अॅल्युमिनियम हें उष्णतेचें वहन हवेपेक्षां सुमारें नऊ हजार पट अधिक करतें. तांबें त्याहूनही बरेंच अधिक. दोन धातूंचे पृष्ठभाग कितीही घासले तरी त्यांच्यावर डोळ्यांस न दिसणारे खळगे राहतात आणि त्या खळग्यांत हवा असते. हवेचा हा पापुद्रा कागदाहून पातळ असला तरी उष्णतेची वाट अडवून धरतो. ते खळगे भरण्यासाठीं थर्मल पेस्ट नांवाचें मलम लावतात. साध्या पांढऱ्या मलमांत सिलिकॉन तेल व जस्ताचें भस्म असतें. तें हवेहून कितीतरी पटींनीं बरें. पण धातूच्या मानानें तेंही फार मंद. यास्तव मलम खळगे भरण्यापुरतेंच हवें, धातूंच्या मध्यें त्याची गादी नको. पुष्कळ मलम म्हणजे पुष्कळ गारवा, ही समजूत चुकीची आहे. वर्षानुवर्षें तापून हेंच मलम वाळतें आणि त्या स्थितींत तें डिंकासारखें धरतें. जुना हीटसिंक काढतांना जी अडचण येते ती याचमुळें.

काढण्याचें काम असें करावें. पेटीची तार भिंतींतून काढून घ्यावी व नंतर सुरू करण्याचें बटण एकदोनदां दाबावें, म्हणजे आंत उरलेली वीज निघून जाते. पेटीच्या कोपऱ्यांत जो जाळीचा पत्र्याचा डबा असतो, ज्यांत भिंतीची तार शिरते, तो मात्र कोणत्याही कारणानें उघडूं नये. २३० व्होल्टच्या विजेपासून त्याच्या आंतील धारित्रांत सुमारें ३२५ व्होल्ट सांठतात, आणि तार काढल्यावरही ते कांहीं काळ राहूं शकतात. त्या डब्यांत आपल्या कामाचें कांहींही नाहीं.

संगणक सुरू होत असेल तर तार काढण्यापूर्वीं तो दहा मिनिटें चालवावा, म्हणजे मलम ऊन होऊन मऊ पडतें. बंदच असेल तर पेटीचें झांकण काढून तासभर उन्हांत ठेवावी. आपल्याकडे उन्हाची वाण नाहीं. नंतर पंख्याची बारीक तार मदरबोर्डावरून हलकेंच उपटून घ्यावी आणि ठोकळा कशानें धरला आहे तें पाहावें.

इंटेलच्या २००४ नंतरच्या बहुतेक संगणकांत गोल ठोकळा असतो व त्याला चार काळ्या-पांढऱ्या प्लास्टिकच्या खुंट्या असतात. प्रत्येक खुंटीच्या डोक्यावर बाण कोरलेला असतो. बाणाच्या दिशेनें पाव फेरा दिला व डोकें वर ओढलें कीं खुंटी सुटते. चारही खुंट्या सुटल्यावर ठोकळा थोडा डावीकडे, थोडा उजवीकडे असा फिरवावा. मलमाची पकड सुटली म्हणजे तो आपोआप हातांत येतो. या जातींत प्रोसेसर लोखंडी चौकटीखालीं अडकलेला असल्यामुळें तो उपटून येण्याची भीति नसते.

एएमडीच्या २०२२ पूर्वींच्या बहुतेक प्रोसेसरांची, तसेंच पेंटियम ४ च्या आरंभींच्या कांहीं जातींची गोष्ट वेगळी आहे. त्यांना खालीं शेंकडों केसासारखे पाय असतात आणि ते भोंकांत नुसते आवळून धरलेले असतात. ठोकळा बाजूच्या दांडीनें किंवा चिमट्यानें आवळलेला असतो. दांडी सोडवून ठोकळा सरळ वर ओढला तर वाळलेल्या मलमाबरोबर प्रोसेसरही मुळासकट उपटून येतो व त्याचे पाय वांकतात. प्रोसेसर भंगारांतच जाणार असेल तर त्याचें दुःख नाहीं; पण तो दुसऱ्या संगणकांत चालणार असेल तर तें नुकसान मोठें. म्हणून येथें आधीं पिळणें आणि मग उचलणें, हा क्रम मोडूं नये. एवढ्यानेंही सुटला नाहीं तर पक्का शिवणदोरा दोहोंच्या फटींत घालून करवतीसारखा हळूहळू ओढावा. पेचकसाचें टोंक घालून उचकटण्याचा मोह अनेकांस होतो. तेणेंकरून ठोकळ्याचा गुळगुळीत तळ ओरखडतो, आणि हीटसिंकाची सारी किंमत त्या तळांतच आहे.

निघालेल्या ठोकळ्यावरील मलम आधीं सुताराच्या रंध्यासारखें प्लास्टिकच्या पट्टीनें खरवडावें, मग औषधाच्या दुकानांत मिळणाऱ्या आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या फडक्यानें तळ आरशासारखा पुसून घ्यावा. पातींतली धूळ रंगाच्या मऊ कुंचल्यानें झाडावी, नंतर साबणाच्या पाण्यानें धुवून उन्हांत वाळवावें. अर्थात् धुण्यापूर्वीं पंखा सोडवून बाजूला ठेवला पाहिजे. या कामानंतर हात धुतल्यावांचून भाकरीला लावूं नयेत.

कांहीं मोठ्या ठोकळ्यांत तांब्याच्या वांकड्या नळ्या दिसतात. त्या भरीव नसतात. त्यांच्या पोटांत थोडेंसें पाणी व बहुतांशीं निर्वात पोकळी असते; पाणी एका टोंकाला उकळून वाफ होतें आणि दुसऱ्या टोंकाला निवून परत येतें. अशी नळी कापूं नये, तिला भोंक पाडूं नये, विस्तवावर धरूं नये. भोंक पडलें कीं तिचें काम संपलें, आणि विस्तवावर ती फुटून इजा करते.

आतां उरलेल्या सांगाड्याविषयीं दोन शब्द. मदरबोर्डावरील झाळांत, विशेषतः जुन्या बोर्डांवर, शिसें असतें. बोर्ड जाळून तांबें काढणें व तेजाबांत बुडवून सोनें काढणें हे धंदे कोठें कोठें उघड्यावर चालतात. उत्तर प्रदेशांतील मुरादाबाद येथें रामगंगेच्या कांठीं अशा जळलेल्या बोर्डांच्या काळ्या राखेचे ढीग सांचले व तें प्रकरण राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापुढें गेलें. 'जुन्या प्रोसेसरमधून घरबसल्या सोनें' अशा चित्रफितींच्या नादीं आमच्या तरुण बंधूंनीं लागूं नये. मिळणारें सोनें गुंजेचाही हिस्सा भरत नाहीं, आणि तेजाबाची वाफ फुप्फुसांत व सांडलेलें पाणी आपल्याच विहिरींत जातें. ई-कचऱ्याविषयींचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून अमलांत आले आहेत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदलेल्या पुनर्चक्रण करणाऱ्यांकडेच उरलेला बोर्ड द्यावा. गांवांतल्या दहा-वीस पेट्या एकत्र करून सोसायटीमार्फत पाठविल्या तर वाहतुकीचा खर्चही जड जात नाहीं.

ठोकळा हातीं आल्यावर त्याची परीक्षा केली पाहिजे. संगणकांत त्यावर पंखा अखंड फिरत असे, म्हणून त्याचीं पातीं दाट ठेवलेलीं असतात. दोन पातींमधली फट पुष्कळदां दोन मिलिमीटरांचीही नसते. पंखा काढून तोच ठोकळा नुसता टांगला तर ऊन हवेला त्या अरुंद फटींतून वर चढणें कठीण जातें. पंख्यावांचून वापरावयाचा असेल तर पांच-सात मिलिमीटर फटीचीं विरळ पातीं चांगलीं. दाट पातींच्या ठोकळ्यांतील एकाआड एक पात पक्कडीनें मोडून काढणारे कारागीर आम्हांस ठाऊक आहेत. मऊ पातींच्या बाबतींत ती युक्ति वाईट नाहीं. दुसरें, पातीं नेहमीं उभीं राहिलीं पाहिजेत. ऊन हवा वर जाते. पातीं आडवीं ठेवलीं तर ती फटींतच कोंडते. इंटेलचा गोल ठोकळा या बाबतींत आपल्या सोयीचा आहे: त्याचा तळ जमिनीकडे करून टांगला कीं सर्व पातीं आपोआप उभीं होतात. तिसरें, रंगाचें. चकचकीत अॅल्युमिनियम किरणांच्या रूपानें फार थोडी उष्णता टाकतें. काळा मुलामा दिलेलें किंवा पातळ रंग मारलेलें कितीतरी अधिक. पंखा नसतांना हा लाभ लक्षांत घेण्याजोगा असतो. परंतु दिवसा उन्हांत राहणाऱ्या वस्तूस काळा रंग देऊं नये, कारण तोच रंग उष्णता ओढूनही घेतो.

या ठोकळ्याचा सर्वांत चांगला उपयोग आमच्या मतें हुमणीच्या प्रकाश-सांपळ्यांत आहे. ऊस व भुईमूग करणाऱ्यांस हुमणी काय करते हें सांगावयास नको. तिचे भुंगेरे वळवाच्या किंवा मृगाच्या पहिल्या चांगल्या पावसानंतर तिन्हीसांजेस जमिनींतून निघतात, कडुनिंब, बाभूळ, बोर अशा झाडांवर बसून पाला खातात, तेथेंच त्यांचें मीलन होतें आणि पहांटेपूर्वीं ते पुन्हां मातींत शिरतात. मादी मग मातींत अंडीं घालते. वर्षांतून ही एकच पिढी. म्हणून भुंगेरे गोळा करण्याची खरी संधि वर्षाकांठीं कांहीं आठवड्यांचीच. त्यांत नेमका दिवा बंद पडला तर ती पुढल्या सालावर गेली आणि मधल्या काळांत अळी उसाचीं मुळें कुरतडीत बसली.

हे दिवे बंद कां पडतात? एलईडी म्हणजे जुन्या गोळ्याप्रमाणें तापणारा दिवा नव्हे, अशी समजूत आहे. पण ती अर्धवट आहे. एलईडीला दिलेल्या विजेचा मोठा भाग उष्णताच होतो. जुना गोळा ती उष्णता प्रकाशाबरोबर पुढें फेंकीत असे. एलईडी ती फेंकूं शकत नाहीं, ती पाठीमागून धातूवाटेच काढावी लागते. पाठीला धातु नसेल अथवा पातळ पत्रा असेल तर आंतलें उष्णमान चढत जातें. चढलें कीं एलईडी त्याच व्होल्टला अधिक प्रवाह ओढूं लागते, त्यानें ती आणखी तापते, आणि अखेर काळी पडते. तिला प्रवाह पुरविणाऱ्या ड्रायव्हरमधील धारित्रांचेंही तसेंच. दर दहा अंश वाढीला त्यांचें आयुष्य सुमारें निम्मे होतें, असा विद्युत्कारागिरांचा ठोकताळा आहे. स्वस्त दिवे एका हंगामांत जातात तें बहुधा या कारणानें.

सांपळ्यासाठीं दहा वॅटची चौकोनी धातूच्या पाठीची एलईडी चकती घ्यावी. ठोकळ्याच्या तळावर ती मधोमध ठेवून तिच्या कोपऱ्यांच्या छिद्रांच्या खुणा कराव्या. तीन मिलिमीटर स्क्रूसाठीं अडीच मिलिमीटरचें भोंक पाडून त्यांत टॅपनें आटे काढावे. अॅल्युमिनियमला भोंक पाडतांना गिरमिटाच्या टोंकावर डिझेल किंवा रॉकेलचे दोन थेंब टाकावे, म्हणजे कीस चिकटत नाहीं. तळांत तांब्याचा गोल गाभा असल्यास भोंकें त्याच्या बाहेरच्या अॅल्युमिनियममध्यें घ्यावीं. चकती लहान पडत असेल तर ती दोन आडव्या पट्ट्यांनीं दाबून बसवावी. भोंकाच्या कडा कानशीनें सपाट कराव्या, तळ पुन्हां पुसावा, आणि चकतीच्या पाठीस तुरीच्या डाळीएवढें मलम लावून ती दाबावी. स्क्रू आळीपाळीनें, समोरासमोरचे, थोडे थोडे आवळावे. मलम नाहीं म्हणून टूथपेस्ट लावण्याचा एक प्रघात ऐकिवांत आहे. टूथपेस्ट पहिले कांहीं दिवस काम देते, पण वाळली कीं तिचा भुगा होतो, आणि ज्या दिवसांसाठीं दिवा केला त्याच दिवसांत ती दगा देते.

फवारणी-पंपाची १२ व्होल्टची बॅटरी या दिव्यास चालते. मात्र बॅटरी थेट जोडूं नये. पूर्ण भरलेली बॅटरी १२ व्होल्टाहून अधिक दाब देते आणि वर सांगितलेली तापण्याची माळ सुरू होते. मधें ठराविक प्रवाह देणारा ड्रायव्हर घालावा. दहा वॅटला १२ व्होल्टांवर साधारण एक अॅम्पिअर लागतो. सायंकाळीं सात ते दहा असे तीन तास दिवा लाविला तर तीन अॅम्पिअर-तास खर्ची पडतात. आठ अॅम्पिअर-तासांच्या बॅटरीचे ते निम्म्याहून कमी, म्हणजे बॅटरीवरही ताण नाहीं. दहानंतर दिवा मालवावा. रात्रभर ठेवल्यास पिकाचे मित्र असलेले कीटकही त्यांत पडतात.

दिवा खालीं तोंड करून टांगला म्हणजे पातीं उभीं राहतात हें खरें, पण प्रकाश दूर दिसत नाहीं. यास्तव दिव्याखालीं पांढरा रंग दिलेले दोन पत्रे एकमेकांस छेदून उभे बांधावे. ते उजळून दुरून दिसतात, भुंगेरे त्यांवर आदळतात आणि खालच्या घमेल्यांतील साबणाच्या पाण्यांत पडतात. पांढरी एलईडी या कामास चालते. अतिनील किरणांची जांभळी एलईडी अधिक ओढ लावते, मात्र तिच्याकडे टक लावून पाहूं नये व मुलांस पाहूं देऊं नये. पाऊस लागूं नये म्हणून ठोकळ्याच्या वर पत्र्याची टोपी हवी. ती ठोकळ्याला चिकटून नव्हे, तर चांगली वीतभर उंच, आणि बाजू मोकळ्या. आम्ही असे दिवे पाहिले आहेत कीं ज्यांत पावसाच्या धास्तीनें ठोकळाच प्लास्टिकच्या बरणींत घातलेला होता. मग त्या पातींचा उपयोग काय? तारांचे जोड बंद करावे, ठोकळा उघडा ठेवावा.

दिवा शेतांत नेण्यापूर्वीं घरीं तासभर लावून पाहावा. पाहणें डोळ्यांनीं नव्हे, आकड्यांनीं. मल्टिमीटरबरोबर येणारी उष्णमानाची तार ठोकळ्याच्या तळाशीं चिकटपट्टीनें बांधावी. दुरून उष्णमान सांगणारें पिस्तुल चकचकीत धातूवर खोटें, म्हणजे फार कमी, दाखवितें. तेथें काळी चिकटपट्टी लावून तिच्यावर धरावें. समजा, खोलींत ३० अंश आहेत आणि तासाभरानें ठोकळा ५२ वर स्थिरावला. म्हणजे दहा वॅटला वाढ २२ अंश, वॅटमागें २.२ अंश. शेतांत सायंकाळीं ३५ अंश असतील तर ठोकळा ५७ च्या आसपास राहील, हें आधींच कळलें. साठाच्या आंत राहिला तर काम चांगलें समजावें. तो साठाच्या वर जात असेल तर ठोकळा मोठा घ्यावा किंवा दिव्याचा प्रवाह कमी करावा. ठोकळा गार आणि चकती मात्र हात न लागण्याइतकी गरम, असें आढळल्यास दोष मधल्या चिकटण्यांत आहे. उघडून पुन्हां बसवावें. साधन नसेल तर बोटाची कसोटी आहे: पन्नास अंशांच्या धातूवर बोट कसेंबसें ठेववतें, साठावर तें ताबडतोब उचलावें लागतें.

हंगाम संपल्यावर ठोकळ्यांतील पंखांचा व खवल्यांचा कचरा कुंचल्यानें काढून तो कोरडा ठेवावा. बॅटरी मात्र भरून ठेवावी व महिन्याकांठीं एकदां पुन्हां भरावी.

पंखाही फेंकूं नये. तो १२ व्होल्टचा असल्यामुळें त्याच बॅटरीवर फिरतो. त्याच्या जोडणीच्या घरांत पहिली तार ऋण, दुसरी धन १२ व्होल्टची, तिसरी फेऱ्या मोजण्याची आणि चौथी असल्यास वेग ठरविण्याची. रंगांवर भिस्त ठेवूं नये, कारण ते निरनिराळे असतात, क्रमावर ठेवावी. चौथी तार मोकळी सोडली तर पंखा पूर्ण वेगानें फिरतो. मिरची अथवा बियाणें सुकविण्याच्या लहान पेटींतली दमट हवा बाहेर ओढण्यास तो पुरतो. त्याहून मोठी अपेक्षा करूं नये. रेडिओ-दुरुस्तीचें थोडें ज्ञान असलेल्यांनीं बॅटरी भरणाऱ्या यंत्रांतील ट्रान्झिस्टर या ठोकळ्यावर बसवावयास हरकत नाहीं. पण अशा ट्रान्झिस्टरची धातूची पाठ बहुधा विजेशीं जोडलेली असते, म्हणून मधें अभ्रकाची चकती व स्क्रूला प्लास्टिकची टोपी हवीच. घरगुती २३० व्होल्टच्या विजेवर चालणाऱ्या यंत्रास असा उघडा ठोकळा लावूं नये. त्यास वीज उतरली तर हात लावणाराचा जीव जातो.

ज्यांच्याकडे जुना संगणक नाहीं, त्यांच्याही शेतावर हीटसिंक बहुधा आहे. २०१९ मधील पीएम-कुसुम योजनेनें व नंतर राज्याच्या 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेनें जे सौर पंप बसले, त्यांच्या नियंत्रक पेटीच्या पाठीमागें अॅल्युमिनियमचीं पातीं असतात. वर सांगितलेलें सर्व त्यांस लागू आहे. पातीं उभींच राहावीं, पेटी भिंतीस चिकटवूं नये, वर-खालीं वीतभर मोकळीक असावी, आणि दुपारचें ऊन थेट पडूं नये इतकी छपराची सांवली असावी. विदर्भ-मराठवाड्यांत उन्हाळीं हवाच ४५ अंशांवर जाते. तेथें पेटीवर ऊन पडलें तर नियंत्रक स्वतःला वांचविण्यासाठीं पंपाचा वेग कमी करतो किंवा भर दुपारीं बंद होतो, आणि पाणी पाहिजे तेव्हांच पाणी मिळत नाहीं. पातींच्या फटींत कोळी जाळीं करतो, कुंभारीण माशी मातीचें घर बांधते, धूळ बसते. हीं काढण्यापूर्वीं पेटीचा खटका बंद करावा. पण सौर तावदानांकडून येणाऱ्या तारांत सूर्य असेपर्यंत कांहींशें व्होल्ट असतातच, म्हणून पेटी उघडूं नये, तारांस हात लावूं नये, पाणी मारूं नये. बाहेरूनच कोरड्या कुंचल्यानें झाडावें, तेंही सकाळीं लवकर अथवा सूर्यास्तानंतर. हमी चालू असलेल्या पेटीस जास्तीचा ठोकळा जोडण्याच्या खटपटींत पडूं नये. माघ सरतांना एकदां आणि दिवाळीनंतर एकदां अशी झाडणी व वर एक पत्रा, एवढें तिला पुरेसें आहे.